सातूच्या पानावरचा सौदा

भारत आणि ब्रिटन यांच्यातील मुक्त व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या, तेव्हा चर्चा रंगली ती स्कॉच किती स्वस्त होणार याची. या करारानुसार व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. मात्र सिंगल माल्ट ज्या एकाच धान्यापासून बनते, त्या सातूची, म्हणजे बार्लीची, स्थिती काय आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. स्कॉटलंडमध्ये धान्यपिकांखालील निम्म्याहून अधिक क्षेत्र सातूचे आहे, आणि या पिकाचा एक जुना आधार काही वर्षांपूर्वीच काढून घेण्यात आला आहे.

तो आधार होता क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाचा. भूजलात उतरणारे त्याचे अवशेष आणि आरोग्यविषयक शंका यांमुळे युरोपीय संघाने एप्रिल २०१९ मध्ये त्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. ब्रिटनमध्येही मे २०२० नंतर त्याचा वापर थांबला. निर्णयामागील कारणे गंभीर होती. परंतु हे रसायन बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करी, त्यामुळे बुरशीला त्याची सवय होत नसे. रॅम्युलेरिया या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाने तोवर अन्य प्रमुख गटांतील औषधांना दाद देणे जवळपास सोडले होते. साहजिकच संरक्षणाचा भार फवारणी यंत्रावरून बियाण्यावर आला.

बियाण्याची या क्षेत्रातील कामगिरी उज्ज्वल आहे, यात शंका नाही. भुरी हा रोग आपल्या द्राक्षबागायतदारांना चांगलाच परिचित आहे. सातूवरील भुरीची बुरशी वेगळी, पण जातकुळी तीच. प्रतिकारक्षम म्हणून आणलेले वाण पूर्वी काही हंगामांतच भुरीपुढे नमत, कारण एका जनुकावर विसंबलेला अडथळा ओलांडणारा बुरशीचा नवा प्रकार लवकरच उदयाला येई. १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांच्या साहाय्याने घडवलेल्या एका उत्परिवर्तनाने हे चक्र मोडण्याचा मार्ग दाखवला. पुढे इथिओपियातून १९३० च्या दशकात गोळा केलेल्या देशी वाणांतही तसाच नैसर्गिक गुण आढळला. ‘एमएलओ’ या नावाने तो ओळखला जातो.

येथे वनस्पतीला नवे शस्त्र मिळत नाही. उलट तिच्यातील एक जनुक निकामी होते. ते निकामी झाले की बुरशी ज्या जागी शिरू पाहते, तेथे पेशीभित्तिका जाड होते आणि बुरशीला आत शिरताच येत नाही. १९७९ मध्ये या गुणाचे पहिले व्यापारी वाण बाजारात आले. चार दशके उलटली, तरी युरोपातील उन्हाळी सातूचे ते कवच अभेद्यच राहिले आहे. पीकपैदाशीच्या इतिहासात असे यश विरळा.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. हे जनुक निकामी असलेली झाडे विशिष्ट परिस्थितीत रॅम्युलेरियाला अधिक बळी पडतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एका शत्रूसाठी लावलेली कडी दुसऱ्याच्या पथ्यावर पडावी, तसा हा प्रकार. हा दुसरा शत्रू धूर्तही आहे. तो बियाण्यातूनच येतो, पानांत महिनोन्महिने निमूट राहतो आणि पीक फुलोऱ्यानंतर दाणा भरू लागले की ठिपक्यांच्या रूपाने प्रकट होतो. हानी हेक्टरी एक टनापर्यंत जाऊ शकते. शिवाय दाणा बारीक राहिला, तर माल्टसाठी मिळणारा चढा भाव हातचा जातो. रोपावस्थेत काहीच दिसत नसल्याने पैदासकाराला निवडही शेतातच आणि हंगामाच्या अखेरीसच करावी लागते.

इंग्लंडने २०२३ मध्ये जनुक-संपादनाला वाट मोकळी करून देणारा कायदा केला. सातूचे मोठे क्षेत्र असलेल्या स्कॉटलंडने मात्र तो स्वीकारलेला नाही. या मतभेदावर बरीच शाई खर्ची पडते. तथापि संपादन करायचे, तर कोणते जनुक बदलायचे हे आधी ठाऊक हवे. रॅम्युलेरियाला एकहाती रोखणारे जनुक अद्याप हाती आलेले नाही. त्याचा प्रतिकार अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून घडतो. कायदा अनुकूल झाला, तरी प्रश्नाचा हा भाग सुटत नाही.

खरी विसंगती वेळापत्रकात आहे. रसायनाचा परवाना एका मतदानाने रद्द होतो. संकरापासून शेतापर्यंत नवे वाण पोहोचायला मात्र सुमारे दहा वर्षे लागतात. म्हणून रसायनावर बंदी घालणाऱ्या शासनाने त्याच दिवशी दीर्घकालीन क्षेत्रचाचण्या आणि जनुकपेढ्या यांसाठी तरतूद करणे हा त्या निर्णयाचाच भाग मानला पाहिजे. इथिओपियातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मूठभर दाणे कोणी जतन केले नसते, तर आजचे बहुतेक उन्हाळी वाण या गुणाला मुकले असते. पुढील रोगावरचे उत्तरही कदाचित अशाच एखाद्या दुर्लक्षित पाकिटात असेल. ते शोधायला लागणारा काळ विकत घेता येत नाही, तो आधीच गुंतवावा लागतो.