पोरगं कुणाचं?

कामगार बंधूंनो, नेऱ्याहून आम्ही गिरणीत आलो ते चार बुकं शिकून. म्हणूनच मोठ्या शाळांचा इतिहास आम्ही खालून बघतो.

कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. तिच्याही २२ वर्षं आधी, १८३२ साली, जॉन विल्सन ह्या स्कॉटिश पाद्र्यानं इथं इंग्रजी शाळा घातली. विल्सन हायस्कूल नि कॉलेज पुढं तिच्यातूनच निघालं. गडी १८२९ साली बोटीतून उतरला नि आधी मराठी शिकायला बसला. (गिरणीतल्या बहुतेक गोऱ्या साहेबांना जन्मभर 'जल्दी करो'पलीकडं भाषा आली नाही!)

शाळेत हिंदू, पारशी, ख्रिस्ती पोरं एकत्र शिकत. १८३९ साली दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातला धनजीभाई नवरोजी जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा. पारशी समाज खवळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं पोराला त्याच्या मर्जीवर सोडलं. आईबापांनी भराभर मुलं काढली, शाळा ओस पडली. पुढं १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण म्हणून कोर्टानं बापाच्या हवाली केला.

त्या आईबापांचा राग आम्हाला कळतो. शाळेनं अक्षर द्यावं, पोरगं नेऊ नये. तरी शाळा टिकली, कारण विद्येची भूक रागापेक्षा मोठी ठरली.

पण गिरणीनं नेलेल्या पोरांचं काय? १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं फक्त सात वर्षांखालच्यांना मनाई केली. सात ते बारा वर्षांची पोरं रोज नऊ तास राबवायला मुभाच होती. ती कुणाची, हे ठरवायला कुठलं कोर्ट बसलं होतं?