वाफसा आणि दूरची कळ

अध्यापनात जन्म घालविलेल्या माणसास वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाचे नवल वाटत नाही. राग मात्र येतो. काही वर्षांपूर्वी, ऐन रब्बीत, आमच्या नववीतील एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी पेंगताना दिसला, म्हणून आम्ही त्यास उभे केले. "सर, लाईन रात्रीच येते. बाबांसोबत मोटर चालू करायला जातो," एवढेच तो म्हणाला. आमचे रागाचे शब्द ओठांतच राहिले. पैनगंगेकाठच्या काळ्या रानात रात्री जाणे म्हणजे पायाखाली सापकिरड्याची आणि हाताखाली ओल्या स्टार्टरची भीती.

पुढे त्याच्या वडिलांनी, इतरांप्रमाणेच, मोटरीस ऑटोस्टार्टर बसविला. वीज आली की मोटर आपोआप सुरू! झोप मिळाली, पण एकदा मोटर रात्रभर चालली आणि फुलोऱ्यातील हरभरा उभळला. भारी जमिनीत हरभऱ्याचे दोन पाण्यांत भागते. अधिक झाले की मुळांस हवा मिळत नाही. यंत्राने कळ दाबली खरी, पण रानास तहान आहे की नाही, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

1 जानेवारी 2018 पासून तेलंगणा शासनाने शेतीस चोवीस तास मोफत वीज जाहीर केली आणि त्यापूर्वी ऑटोस्टार्टर काढून टाकण्याचा आग्रह धरला. रात्रीची पायपीट पुष्कळ कमी झाली. नदीपलीकडे, महाराष्ट्रात, आमच्या सोयऱ्यांच्या गावी मात्र रात्रपाळीच्या विजेची कथा अद्याप पुरती संपलेली नाही. इकडे दुसरीच चिंता: वीज फुकट आहे, म्हणून मोटर बंद करण्याची घाई कोणास? परंतु भूगर्भातले पाणी काही शासनाने दिलेले नव्हे.

दुरून मोटर चालविण्याची युक्ती आपल्याच माणसांनी काढली आहे. आजोबांना अवेळी मोटरीपाशी जाताना पाहिलेले पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केले. साध्या मोबाईलवरून मोटर सुरू वा बंद करावी, पंपापाशी वीज आहे की नाही हेही घरबसल्या कळावे, अशी ती योजना. तिने रात्रीचा धोका टळतो, यात शंका नाही. तरी पाणी केव्हा द्यावे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर आपल्या भाषेत एका शब्दात साठविलेले आहे: वाफसा. मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताने असणे. आमचे वडीलधारे मूठभर माती उकरून दाबून पाहत आणि वाफसा ओळखत. आजचे संवेदक तेच काम करतात. कोइमतूरच्या ऊस संशोधन संस्थेने तर मातीत खुपसून पाहण्याचा सुटसुटीत ओलावा-दर्शक काढला आहे: निळा दिवा लागला तर ओल भरपूर, हिरवा असेल तर तूर्त पाणी नको, नारिंगी असेल तर द्यावे, तांबडा असेल तर तत्काळ द्यावे. बिनतारी संवेदक रानातच पुरलेले असतात. ते ओलीचा आकडा फोनवर धाडतात आणि त्यावरून ठिबकची झडप उघडता वा मिटता येते.

आमच्या काळ्या मातीत मात्र एक सावधगिरी हवी. ही माती वाळली की भेगाळते. भेग नेमकी संवेदकापाशी पडली तर मातीचा स्पर्श सुटतो आणि आकडा खोटा येतो. शिवाय वरची ढेकळे कोरडी दिसली तरी वीतभर खाली ओल टिकून असते. म्हणून एक संवेदक वर आणि दुसरा मुळांच्या खोलीवर बसवावा, तो काळ्या मातीसाठी जुळवून घ्यावा, आणि आरंभी त्याचा आकडा आपल्या मुठीशी ताडून पाहावा.

आमचे पुष्कळ वाचक नोकरीनिमित्त शहरांत असतात. शेत भावाकडे वा चुलत्यांकडे असते. गावी उपकरण घेऊन देण्याचा विचार असेल तर "मोटर दुरून चालते का?" एवढेच विचारून थांबू नये. "रानाची ओल खरी सांगते का, आणि बिघडल्यास दुरुस्तीला कोण येईल?" हेही विचारावे.

तो मुलगा आता स्वतः शेती पाहतो. परवा भेटला, तेव्हा फोन दाखवीत म्हणाला, "सर, आज पाणी नको म्हणतंय."

"आणि माती काय म्हणते?" आम्ही विचारले.

"तीही नकोच म्हणते. सकाळीच उकरून पाहिली."

आम्हांस समाधान वाटले. धडा पाठ करून तो थांबला नव्हता. त्याने तो पडताळूनही पाहिला होता.