पिल्लू गोड आहे, पण आई-बाबांचे रिपोर्ट कुठायत?

पिल्लू घ्यायचं ठरलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला देणार? रंग कोणता? पेपर आहेत ना? पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला. त्यात आई-वडिलांची, आजी-आजोबांची नावं असतात. घराण्यात कुणी चॅम्पियन निघाला तर भाव आणखी वाढतो. पण त्या चॅम्पियन आजोबांचे खुबे कसे होते, आजीला शेवटपर्यंत दिसत होतं का, हे नुसत्या नावांवरून कळत नाही. आणि तुम्हाला नेमकं तेच कळायला हवं.

लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेशिया बराच आढळतो. खुब्याचा सांधा नीट बसत नाही, झिजतो, चालताना दुखतं. खाणं, वजन, व्यायाम यांचाही त्यात वाटा असतो, पण आनुवंशिकतेचा मोठा. दोन महिन्यांचं पिल्लू नुसतं बघून तो ओळखता येत नाही. आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे बघितले तर अंदाज येतो. गिरगावातल्या बिनलिफ्टच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर विचार करा. तीस किलोचा लॅब, त्याला जिना उतरवत नाही आणि दिवसातून तीनदा खाली न्यायचंय!

दुसरं उदाहरण पीआरए या डोळ्यांच्या आजाराचं. यात दृष्टी हळूहळू जाते. लॅबमध्ये दिसणाऱ्या त्याच्या एका प्रकाराचं गणित थॅलेसेमियासारखंच आहे. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल आणि दुसरा निर्दोष, तर त्या आजाराने एकही पिल्लू आंधळं होत नाही. म्हणजे वाहक कुत्रा बाद करायची गरज नाही, फक्त जोडी बघून जमवायची. आणि त्यासाठी नरवाल्याने आणि मादीवाल्याने एकमेकांना रिपोर्ट दाखवायला हवेत.

मग दाखवत का नाहीत? सगळेच लबाड असतात म्हणून नाही. एकाने ‘माझी मादी वाहक आहे’ असं सांगितलं, की गिऱ्हाईक टेस्टच न करणाऱ्याकडे जातं. खरं बोलणारा तोट्यात आणि गप्प बसणारा फायद्यात, हा बाजार आपणच तयार केलाय. दोष सापडला म्हणून ब्रीडर वाईट ठरत नाही, तो लपवला तर ठरतो. एवढा फरक तरी आपण करायला हवा.

माहिती उलट्या बाजूनेही अडते. कुत्रा लंगडायला लागला की आपण टॅक्सी करून परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठतो. एक्स-रे निघतो, औषधं सुरू होतात, फाइल कपाटात जाते. ब्रीडरला कुणी कळवतच नाही. तो पुढच्या वर्षी तीच जोडी पुन्हा लावतो आणि त्याच वेतातलं दुसरं पिल्लू लालबागमध्ये कुणाच्या तरी घरी लंगडत असतं.

नियम आहेत. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, नोंदी ठेवायच्या असतात आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. पण ब्रीडरच्या रजिस्टरमधली नोंद तुमच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. अमेरिकेत ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून काम करतेय. कुत्र्याचं नाव टाकलं की तिच्याकडे नोंदवलेले तपासणीचे निकाल कुणालाही बघता येतात. मालकाची परवानगी असेल तर दोषही दिसतात. आपल्याकडे ब्रीडर, क्लब आणि पशुवैद्यांनी मिळून असं काही सुरू करायला काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. तोवर ॲडव्हान्स देण्याआधी चार गोष्टी मागा: नोंदणी क्रमांक, आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे, डीएनए टेस्टचे रिपोर्ट आणि आधीच्या वेतातल्या एखाद्या पिल्लाच्या मालकाशी बोलायची सोय. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे उत्तर आलं तर उठा. पिल्लू कितीही गोड असलं तरी. आणि घरात आधीच कुत्रा असेल, त्याला असा आजार निघाला असेल, तर आज ब्रीडरला फोन करा. भांडायला नाही, सांगायला.