शूमाकर म्हणू नका त्याला!

परवा गुरुवारी दर्शन करून घाटावरून वर येत होतो. कवठाची बर्फी घ्यायला दुकानापाशी थांबलो, तेवढ्यात एक बाईक सुसाट आली. सायलेन्सर काढलेला, मागे दोघं, डोक्याला काही नाही. गुरुवारची गर्दी, म्हाताऱ्याकोताऱ्या बायका भिंतीला चिकटल्या. दुकानदार मात्र कौतुकाने म्हणाला, "आण्णा, आमचा शूमाकर हाय त्यो!" आजूबाजूचे हसले. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. या वेळी डोकं सणकलं. गिऱ्हाइकं होती म्हणून तिथे बोललो नाही, ते इथे लिहितोय. तेव्हा मंडळी, आजचं जरा चढ्या आवाजातलं आहे, सांभाळून घ्या.

शूमाकर हे नाव आपण शिवीसारखं वापरतो, आणि कौतुकासारखंही. दोन्ही वेळा चुकीचं. मायकेल शूमाकर १९६९ साली जन्मला, जर्मनीत. वडील रॉल्फ गवंडीकाम करायचे, घरी पैसा नव्हता. चार वर्षांच्या पोराच्या पायडलच्या गाडीला बापाने मोटरसायकलचं इंजिन बसवून दिलं आणि पोराने ती नेऊन दिव्याच्या खांबावर आदळली. इथपर्यंत गोष्ट आपल्या वाडीतलीच वाटते की नाही? फरक पुढे आहे. त्या बापाने पोराला "शाब्बास रे वाघा" म्हणत रस्त्यावर सोडलं नाही. केर्पेन गावच्या कार्टिंग ट्रॅकवर नेलं. (कार्ट म्हणजे ती जमिनीला टेकल्यासारखी चिमुकली गाडी, भल्याभल्यांची सुरुवात तिच्यातच होते.) पुढे वडील त्या ट्रॅकची देखभाल करायला लागले, आई तिथलं कँटीन बघायची. टाकून दिलेल्या सुट्या भागांतून बापाने गाडी जुळवली. सहाव्या वर्षी पोराने क्लबची स्पर्धा मारली. पुढे गावातल्या व्यापाऱ्यांनी खर्चाला हात दिला.

१९९१ साली तो फॉर्म्युला वनमध्ये आला. १९९४ आणि १९९५ची विजेतेपदं, मग २००० ते २००४ सलग पाच. एकूण सात. जिंकलेल्या शर्यती ९१, आणि हा आकडा हॅमिल्टनने २०२० साली ओलांडेपर्यंत कुणालाही ओलांडता आला नव्हता. हे सगळं 'बिनधास्त' गाडी हाणून झालं असं ज्याला वाटतं त्याने ती शर्यत कधी पाहिलेलीच नाही. हा माणूस व्यायामासाठी ओळखला जायचा, फेरारीच्या चाचणी ट्रॅकवर तासन्‌तास एकट्याने फेऱ्या मारण्यासाठी ओळखला जायचा.

तो संत नव्हता, तेही सांगतो. १९९७ साली हेरेथच्या शेवटच्या शर्यतीत त्याने विलनव्हच्या गाडीला धडक दिली. त्याची स्वतःचीच गाडी खडीत जाऊन अडकली, आणि नंतर संघटनेने वर्षभराच्या क्रमवारीतून त्याचं नावच काढून टाकलं. एवढा मोठा खेळाडू, तरी त्याचं दुसरं स्थान गेलं. आपल्याकडे पोराने रस्त्यावर कुणाला उडवलं की पहिला फोन कुणाला जातो? डॉक्टरला जात नाही, एवढं मला ठाऊक आहे.

बरं, जर्मनी लांब राहिली, आपल्या कोल्हापुरातच बघा. हुपरी रोडला मोहिते रेसिंग अकॅडमीने कार्टिंगचा ट्रॅक बांधला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या. दिल्ली-मुंबई-चेन्नईची पोरं रेससाठी कोल्हापूरला आली, हे आमच्यातल्या कितीजणांना माहीत आहे? कोल्हापूरचाच ध्रुव मोहिते २०१८ साली फोक्सवॅगनच्या अमिओ कपचा विजेता झाला. या कपची गंमत अशी की सगळ्यांच्या गाड्या सारख्याच असायच्या. तुझं इंजिन मोठं, माझं छोटं, ही सबब नाही. उरतो फक्त चालवणारा. ब्रेक कुठे दाबायचा, वळणाला गाडी किती वाकवायची, टायर शेवटच्या फेरीपर्यंत कसे राखायचे, एवढाच हिशोब. आणि सगळीकडे झेंड्यांचं राज्य. पिवळा झेंडा दिसला की पुढे काहीतरी गडबड आहे, वेग कमी, ओव्हरटेक बंद. काळा दाखवला की मुकाट्याने आत यायचं. अंगाला पट्टे, डोक्याला हेल्मेट, मानेला आधार, गाडीत लोखंडी पिंजरा. म्हणजे आमच्या वाडीचा 'शूमाकर' जे जे करत नाही ते सगळं.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकू येतं. "आण्णा, ते श्रीमंतांचे चाळे. आमच्या पोराला कोण देतंय ट्रॅक?" यात खोटं काही नाही, आणि माझा खरा राग इथेच आहे. हा खेळ पैसे खातो. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, त्याचे वडील स्वतः रॅली गाजवलेले. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीमध्ये धावला, तो खासदाराच्या घरातला. या पोरांची मेहनत मी कमी लेखत नाही, पैशाने गाडी मिळते, लॅप टाइम मिळत नाही. पण तालीम नसती तर कोल्हापुरात पैलवान तरी कुठून झाले असते? शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, म्हणून शेतकऱ्याचं पोर लंगोट लावून तिथे उतरू शकलं. पोराच्या अंगात रग आहे हे त्या माणसाला दिसलं आणि त्याने रगेला आखाडा दिला. आज रग तीच आहे, फक्त ती अ‍ॅक्सिलरेटरवर आलीय, आणि आखाडा म्हणून आम्ही तिला शिरोळ-वाडी रस्ता दिलाय!

बैलगाडा शर्यतींचं बघा. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली तर सगळे पक्ष एक झाले. २०१७ साली विधिमंडळाने कायदा केला, वकील दिले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आणली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाकडून शिक्कामोर्तबही झालं. चांगलं झालं, मलाही शर्यत आवडते. पण बैलांना धावपट्टी मिळावी म्हणून सात वर्षं भांडणाऱ्यांपैकी एकाने तरी, पोरांना बाईक चालवायला तालुक्यात एक बंदिस्त जागा द्या, असं म्हटल्याचं आठवतं का? मला तरी नाही. उलट वाढदिवसाच्या फलकावर बाईकवर बसलेला फोटो आणि खाली 'नाद खुळा'. कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहेच, आणि २०१९च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोराच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. कागद मजबूत आहे. असो.

आता दोन वर्षांपूर्वीचं. आमच्या शेजारचा पोरगा, एकोणीस वर्षांचा. गाडी खरंच छान चालवायचा, हात साफ. गल्लीत त्याला सगळे शूमाकर म्हणायचे, आणि ते नाव पहिल्यांदा मी ठेवलं. होय, मीच. २०००च्या दशकात रविवारी टीव्हीला डोळे लावून बसणाऱ्यांतला मी, वाटलं, गमतीचं नाव आहे. त्याला ते आवडायचं. मित्रांनी टाकीवर स्टिकर करून दिला. फेब्रुवारीत, कारखान्यांच्या हंगामात, रात्री साडेदहाला वाडीकडे येताना उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ती चूक ट्रॉलीवाल्याची, आणि ती माफ करा असं मी म्हणणार नाही. पण त्या अंधारात दिव्याच्या उजेडापलीकडच्या वेगाने जायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं होतं? आम्ही नाव दिलं, शिकवलं काहीच नाही. उजव्या पायात रॉड आहे, तीन ऑपरेशनं झाली, अजून काठी आहे. त्याची आई माझ्याशी पूर्वीसारखंच बोलते, त्यामुळे जास्त अवघड होतं.

गेल्या महिन्यात तो घाटावर भेटला. पायरीवर बसलो दोघं. म्हणाला, "काका, एक विचारू? त्यो शूमाकर नक्की कोण हो?" आयुष्यभर ते नाव मिरवलेल्या पोराला तो माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, २०१३च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये बर्फावर स्कीइंग करताना पडला, डोक्याला मार लागला, तेव्हापासून लोकांसमोर आलेला नाही. मग मोबाईलवर एक जुनी शर्यत लावून दिली, गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्यातली. पंधरा-वीस मिनिटं तो काही बोलला नाही. मग मागे घेऊन एक वळण पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काका, ह्यो तर वळण यायच्या आधीच ब्रेक मारतोय की."

मोबाईल माझ्याकडे देऊन त्याने काठी उचलली. खाली नदीला अजून पाणी बरंच होतं, त्यामुळे आम्ही वरच्या वाटेने घरी आलो.