माडीवरचे मीटरगेज

आमच्या रिठदला आगगाडी नाही, कधी नव्हती, आणि रिसोड तालुक्यातील या काळ्या जमिनीतून ती एखादे दिवशी जाईल असा भरवसा बाळगावा असे कारणही आजवर कोणी दाखविलेले नाही; तरीसुद्धा गेली सहा वर्षे या गावातील एका घराच्या माडीवर, जिथे पूर्वी तुरीची पोती आणि बियाण्यासाठी राखलेली ज्वारीची कणसे ठेवण्याची वहिवाट होती, तिथे एक आगगाडी इमानेइतबारे धावत आहे, आणि ते घर माझे आहे ही गोष्ट दडवून ठेवण्यात आता अर्थ उरलेला नाही, कारण गल्लीतल्या पोरांनी ती केव्हाच चव्हाट्यावर नेली आहे. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराने खेळण्यातल्या गाडीपुढे मांडी घालून बसावे याबद्दल गावात प्रथम थोडी कुजबुज झाली; पुढे कुजबुजणारेच जिना चढून येऊ लागले.

चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशा प्लायवूडच्या तक्त्यावर ही गाडी फिरते. तिच्या दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे, आणि या साडेसोळा मिलिमीटरांपायी मी जितका हिशेब केला तितका उभ्या आयुष्यात शेताच्या जमाखर्चाचाही केला नसेल. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींनी हे माप मुक्रर केले ते त्यांच्या सोयीने. त्यांच्या खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ने भागले की साडेसोळा येतात, म्हणून त्यांची नमुनागाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. आपली रुंद गाडी मात्र १६७६ मिलिमीटरची. तिला त्याच हिशेबाने उतरवावे तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे पाहिजेत, आणि तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. दिनदर्शिकेच्या पाठीमागे हे त्रैराशिक मांडीत असताना एका रात्री माझ्या ध्यानात आले की मला हवी असलेली गाडी मुळी रुंद नव्हेच. ती एक हजार मिलिमीटरची, म्हणजे मीटरगेजची, आणि हजाराला साडेसोळाने भागले असता भागाकार साठाच्या किंचित वर येतो. विकतच्या विलायती रुळांवर साठाव्या हिश्शाने बांधलेले आपले मीटरगेज जवळजवळ तंतोतंत बसते. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

मीटरगेजच का, याचे उत्तर वाशीमच्या स्टेशनावर आहे. निजामाच्या मुलखातून निघालेली रेल्वे कैक वर्षे हिंगोलीपर्यंत येऊन थांबलेली होती; स्वातंत्र्यानंतर ती वाशीम, अकोला करीत खांडव्यापर्यंत जोडली गेली, तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो आणि वडिलांनी केवळ गाडी दाखविण्यासाठी म्हणून दमणी जुंपून मला वाशीमला नेले होते. आम्ही चढलो नाही, कोणाला घ्यायला गेलो नव्हतो, कोणाला पोचवायलाही नाही. फलाटाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, खलाशाने त्यावर लोखंडी दांड्याने टोले दिले, आणि थोड्या वेळाने तो काळा, घामेजलेला, उसासे टाकणारा प्राणी आमच्यासमोर येऊन उभा राहिला. वडील म्हणाले, "पाह्यून घे लेका, हे आता जाऊन थेट खांडव्याले टेकते." परत येताना बैलांच्या पाठीवर कोळशाचा बारीक कीस बसलेला मी पाहिला, आणि घरी पोचताच काडेपेट्या दोऱ्यात ओवून माझी पहिली गाडी तयार केली. त्याआधी आमची वाहने म्हणजे चिपाडाच्या बैलगाड्या आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. थोरांच्या जगाची लहान आकृती करून ती अंगणात चालविण्याची हौस काही आगगाडीबरोबर या प्रांतात आली असे नाही; आगगाडीने तिला एक नवा विषय तेवढा पुरविला.

पुढे याच मार्गाने काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस धावू लागली. अकोटच्या पुढे मेळघाटात धूळघाटाजवळ चढ साधण्यासाठी हा मार्ग असा वळसा घेई की गाडी फिरून स्वतःच्याच रुळांवरून वर निघून जाई, आणि खिडकीतून डोकावणाऱ्या प्रवाशाला आपण मघाशी गेलेली वाट आपल्याच पायाखाली दिसे. पूर्णा ते अकोला हा भाग रुंद झाला आणि २००८ साली वाशीमला मोठी गाडी आली; तिची सोय मोठी आहे, तक्रार करण्यास जागा नाही. मेळघाटातला तुकडा मात्र १ जानेवारी २०१७ पासून बंद पडला. ज्या मार्गावरून मी विद्यार्थी म्हणून गेलो, लग्नाचे वऱ्हाड घेऊन गेलो आणि वडिलांच्या अस्थी घेऊन ओंकारेश्वराला गेलो, त्याचे रूळ एका पिढीच्या देखत उचलले गेले.

तरीही त्याची नमुनाकृती करावी ही कल्पना मला स्वतःहून सुचली नाही. ती सुचली पुण्यात, कोथरूडला, जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून हे संग्रहालय उभारले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्यांच्यामागे त्यांच्या कुटुंबीयांनी ते चालते ठेवले. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून आमची तिथे फेरी झाली. एका दालनात एक अख्खे शहर मांडलेले. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत एकेक गाडी आपापल्या मार्गाने निघते, सिग्नल पडतात, सर्कशीचा तंबू उजळतो, आणि शेवटी दालनातले दिवे मालवून शहरावर रात्र आणली जाते, तेव्हा घराघरांतून बारीक दिवे लागतात. जर्मनीत हँबुर्ग येथे ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली उघडलेली अशीच एक नगरी आज जगातील सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते असे मी वाचले आहे, आणि ती थोर असेलही. परंतु एका मराठी गृहस्थाने आपल्या हौसेखातर कोथरूडसारख्या वस्तीत हा खटाटोप करावा याचे अप्रूप मला अधिक वाटले. माझी नात त्या वेळी सहा वर्षांची होती. दिवे लागल्यावर सगळी मुले टाळ्या वाजवीत असताना तिने माझा सदरा ओढून विचारले, "आबा, तुमची गाडी यात कुठे आहे?"

ती त्यात नव्हती. म्हणून ती रिठदला बांधावी लागली.

वाय.पी. जातीचे इंजिन, जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात ज्याची पुष्कळ घडण झाली ते, पुढे चार, मध्ये सहा आणि मागे दोन अशा चाकांचे. त्याचा खालचा सांगाडा आणि मोटार एका जुन्या जर्मन खेळण्यातून घेतली, बाष्पक वायरिंगच्या पंचवीस मिलिमीटरच्या पाइपाचा केला, आणि चालकाची खोली गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, डाख देऊन उभी केली. झाडे पऱ्हाटीच्या काटक्यांची, तारायंत्राचे खांब तुराट्यांचे. डबे मात्र लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे आहेत. त्यासारखा ताठ आणि फुकट कागद आमच्याकडे दुसरा नाही. बाहेरून त्यांना जुना लालसर तपकिरी रंग दिलेला असल्यामुळे काही कळत नाही, पण गाडी रुळावरून घसरून एखादा डबा उताणा पडला की त्याच्या पोटात सोनेरी अक्षरांत 'स्नेहभोजन सायंकाळी ७ वाजता' असे लिहिलेले दिसते, आणि नात प्रत्येक वेळी ते नव्याने मोठ्याने वाचते.

घसरणे फार होते, आणि त्याला कारण आहे. खऱ्या मीटरगेजवर फार तर सोळा अंशांचे, म्हणजे १०९ मीटर त्रिज्येचे वळण घालीत. त्याचा साठावा हिस्सा काढला तरी पुरे वर्तुळ बसवायला बारा फूट रुंद जागा पाहिजे, आणि माझा तक्ता चार फुटांचा. सबब वळणांच्या बाबतीत आम्ही सर्रास लबाडी करतो, आणि माझी खात्री आहे की जगातील सगळेच नमुनागाडीवाले ती करतात.

या कामात एक विचित्र वाटणी आपोआप पडली. इंजिनाच्या अंगावरच्या नळ्या कुठून कुठे जात, डब्याच्या खिडक्यांना गज आडवे असत की उभे, फाटकवाला हिरवे निशाण कोणत्या हातात धरी, हे मला ठाऊक. परंतु ती नळी बसविण्यासाठी लागणारी तार माझ्या चष्म्याला दिसत नाही आणि दिसली तरी माझ्या बोटांत ठरत नाही. नातीला तार दिसते, तिची बोटे ती बसवितात, पण कोणती तार कुठे हे तिने पाहिलेले नाही, कारण तिच्या जन्माआधीच वाशीमचे मीटरगेज उखडले गेले होते. एकाजवळ स्मरण आहे आणि दृष्टी नाही, दुसरीजवळ दृष्टी आहे आणि स्मरण नाही, अशा दोघांनी एका टेबलावर ओणवे होऊन एक इंजिन पुरे करायचे. मधल्या पिढीजवळ, म्हणजे माझ्या मुलाजवळ, ही दोन्ही पुरेशी आहेत. त्याच्याजवळ वेळ नाही. तो पैसे पाठवितो, आणि इंजिनाचा खर्च त्याच्या खात्यातून गेला आहे हे त्याच्या न्यायाकरिता नमूद केले पाहिजे. शेतीचे तसे नसते. तिचे पोटहिस्से पडतात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावे चढतात आणि धुऱ्यावरून भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. या गाडीची वाटणी मागायला अजून कोणी आलेला नाही.

विजेचे प्रकरण निराळे. एका शहरातील दुकानातून जुना ट्रान्सफॉर्मर 'अगदी खात्रीचा' म्हणून मी आणला. दुसऱ्याच दिवशी त्यातून जळक्या लाखेचा वास आला आणि तो कायमचा शांत झाला. दुकानाचे नाव सांगण्यात हशील नाही, पाच-सातशे रुपयांची अक्कल आली एवढेच. भारनियमनामुळे तसाही तो अर्धा दिवस निकामीच राहिला असता. तोडगा आमच्या शेतावरच्या सालदाराने काढला. जिन्यात उभ्याउभ्या त्याने सगळा प्रकार पाहिला आणि म्हणाला, "आबा, फवाऱ्याची बॅटरी लावून पाहा नं, ते बी बाराचीच हाये." खरेच, पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी बारा व्होल्टची आणि आमच्या इंजिनाची मोटारही बारा व्होल्टचीच. नातीने पंपाचा धारेचा जोर कमी-अधिक करण्याचा गोल खटकाही काढून मध्ये जोडला, आणि गाडी स्टेशनात शिरताना इतकी हळुवार थांबू लागली की मी स्वतः उठून उभा राहिलो. गैरसोय एकच: दिवाळीच्या सुट्टीत नात येते त्याच दिवसांत तुरीवर अळी पडते, पंप शेतात जातो आणि आमची वाहतूक फवारणी संपेपर्यंत स्थगित होते. खऱ्या रेल्वेने पावसापायी गाड्या थांबविल्या असतील, अळीपायी थांबविल्याचे ऐकिवात नाही.

या उन्हाळ्यात नातीने पुढचा बेत जाहीर केला आहे. आमच्या जिल्ह्यातले कारंजा ज्या मार्गावर आहे ती यवतमाळ–मूर्तिजापूरची 'शकुंतला' तिला करायची आहे, सत्याहत्तर नव्हे, ७६२ मिलिमीटरच्या रुळांची. मी आधी ऐकताना चुकलो म्हणून तिने मला दोनदा सांगितले. शकुंतलेचे झेड.डी. जातीचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. पण त्यासाठी नवे रूळ, नवा भागाकार आणि कदाचित दुसरी माडी लागेल, तेव्हा तो विषय तूर्त दप्तरात ठेवलेला बरा.

सध्या वेगळीच अडचण आहे. वाशीमच्या जुन्या स्टेशनाची इमारत, वडिलांनी मला दाखविली त्या वेळची, आम्ही पुरी करीत आणली आहे; फलाट झाला, बाक झाले, स्टेशनमास्तराच्या खोलीचे दार झाले. त्या टोल्यांसाठी नातीने सायकलीच्या आऱ्याचा पाव इंच तुकडा घासून रुळाच्या आकाराचा केला, त्याला दोरा बांधला, आणि डिंकाची कुपी उघडून मला विचारले, "आबा, दाराच्या डावीकडे की उजवीकडे?" मी डोळे मिटले. टोले ऐकू आले, वडिलांचा हात माझ्या मानेवर होता तोही आठवला, खलाशाच्या मळक्या पागोट्याचा रंगसुद्धा आठवला; बाजू आठवली नाही. तिने कुपीचे बूच पुन्हा लावले आणि तो तुकडा काडेपेटीत ठेवून दिला.

हिंगोली, वाशीम, अकोला या टापूतील ज्या वाचकांनी ते मीटरगेजचे स्टेशन पाहिले असेल, किंवा ज्यांच्या घरी त्या फलाटावर काढलेले एखादे जुने छायाचित्र असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या सदराच्या पत्त्यावर एक ओळ टाकावी. डावीकडे की उजवीकडे, एवढेच कळवावे.