जिवतीच्या शाळेतील रिकामी तासिका

आपल्या धर्मप्रांतातील शाळांची वार्षिक स्नेहसंमेलने आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. संगीताचे शिक्षक, चित्रकलेचे शिक्षक, वाद्ये, वेशभूषा यांची तेथे सहसा वाण नसते. पालक शुल्क भरतात, संस्था नियोजन करते. या पार्श्वभूमीवर चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील जिवती तालुक्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांला वाटते.

माणिकगडच्या डोंगररांगांतील हा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. गोंड आणि कोलाम यांची ही भूमी. बंजारा आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. कोलाम हा राज्यातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. सीमेवरच्या १४ गावांवर दोन राज्यांचा दावा राहिल्यामुळे तेथे मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा चालत आल्या. घरी गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला यांपैकी कोणतीही भाषा शाळेत येऊनच शिकावी लागते. अशा मुलाला शब्दांआधी ताल, रेषा आणि रंग आपलेसे वाटतात, हे कोणीही शिक्षक सांगेल.

मात्र कायद्याची रचना या मुलाच्या बाजूची नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. डोंगरावरच्या लहानशा गुड्यात १०० चा आकडा कोठून यायचा? २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा दहावीपर्यंत अनिवार्य विषय मानला, २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही कलेचा गौरव केला. वेळापत्रकात कलेची तासिका असते. ती बहुधा गणिताला जाते, नाहीतर शिक्षक शासकीय माहिती भरत बसतात. त्यांना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. याच तालुक्यातील पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालवल्याबद्दल नावाजली गेली. तेव्हा कष्टांची उणीव येथे नाही.

या उपेक्षेची किंमत गुणपत्रिकेतही मोजावी लागते. शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेने चित्रकलेचा शिक्षक कधी पाहिलाच नाही, तेथील मूल त्या परीक्षेपर्यंत पोहोचणार कसे? लोककलेसाठीही सवलत आहे; पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेची प्रमाणपत्रे लागतात. आजोबांच्या मागे ढोल घेऊन गावोगाव दंडारीला जाणाऱ्या मुलाला कोणती संस्था प्रमाणपत्र देणार?

वस्तुतः कलेच्या बाबतीत हा प्रदेश दरिद्री नाही. दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी निघते, मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी नाचतात. सीमेपलीकडील मारलवाई गावचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते निवर्तले. इकडे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली तोच सन्मान मिळाला. याच मारलवाईत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात, निजामाच्या राजवटीत, गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले होते आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करवून घेतली होती. जिवतीचा हा डोंगर ज्या राजुरा तालुक्यात होता, तोही त्या काळी आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे मुलाच्या स्वतःच्या संस्कृतीतून शाळा उभी करण्याचा प्रयोग याच डोंगरात आठ दशकांपूर्वी होऊन गेला आहे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा विचार परका नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनेविषयीच्या संविधानात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनप्रदेशांतील लोकांच्या पारंपरिक संगीताला योग्य मान द्यावा, असे सांगितले. मिशनऱ्यांनी ते संगीत उपासनेत तसेच शाळांतही जोपासावे, अशी अपेक्षाही व्यक्त केली. उपासनेचा भाग आपण थोडाफार अंगीकारला. शाळांविषयीचा भाग बहुतेकांच्या वाचनातूनही निसटला असावा.

राज्य शासनाने १८ सप्टेंबर २०२३ रोजी दत्तक शाळा योजना आणली. देणगीदाराने रोख रक्कम न देता वस्तू व सेवा द्याव्यात, असे तिचे स्वरूप. अशा योजनांतून संगणक आणि रंगवलेल्या भिंती लवकर येतात, कारण त्यांचे छायाचित्र निघते. आम्हांला हवी आहे ती 'सेवा': गावातीलच ढोलवादकाला, बांबूकाम करणाऱ्या कोलाम कारागिराला, भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन तासिकांसाठी नियमित मानधन. एखाद्या धर्मग्रामाने सणाच्या रोषणाईत थोडी काटकसर केली, तरी एका शाळेचे वर्ष त्यातून निघू शकेल. खडूंच्या पेट्या एकदाच वाटून परतण्यापेक्षा ते अवघड आहे, कारण त्यात सातत्य लागते.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. गुसाडीचा नाच हा त्या समाजाचा धर्म आहे. त्या दिवसांत गुसाडी व्रतस्थ असतो, स्नानही करत नाही. तो टोप स्नेहसंमेलनाच्या मंचावर चढवणे म्हणजे आपल्या मिस्साविधीचे नाटक करण्यासारखे होईल. काय शिकवायचे आणि काय नाही, हे गावाच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. शाळा जिल्हा परिषदेची आहे, तिच्यावर आपला फलक नको. आपल्या हेतूंविषयी शंका घेतल्या जातात हे आपण जाणतो. म्हणून व्यवहार शाळा व्यवस्थापन समितीमार्फत आणि लेखी असावा.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दंडारीचा हंगाम त्यानंतर चार महिन्यांनी येतो. ज्या धर्मग्रामांना विचार करावयाचा आहे, त्यांनी आधी एखाद्या शाळेत जाऊन तेथील शिक्षकांना कोणती तासिका रिकामी जाते, एवढे विचारून यावे.