छत्री उघडली, पुढे काय?

स्कायडायव्हिंगच्या अपघाताची बातमी आली की पारावरच्या गप्पांपासून वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पहिला प्रश्न एकच असतो: ‘पॅराशूट उघडलं नाही का?’ बऱ्याचदा खरं उत्तर असतं, उघडलं होतं. व्यवस्थित, पूर्ण फुगलेलं, एकही दोरी न गुंतलेलं. माणूस त्याखाली शुद्धीवर होता, हातात छत्री वळवायचे दोन्ही टॉगल होते, आणि जमीन दोनेकशे फुटांवर असताना त्यानं एक जोरदार वळण घेतलं.

आजचा स्तंभ या वळणावर आहे. बुलढाण्यात स्कायडायव्हिंगचं केंद्र नाही, मग हा विषय इथं कशाला, असं कुणी म्हणेल. पण घाटावर काय नि घाटाखाली काय, फौजेत गेलेली पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. पुण्यात नोकरी करणारी, सुट्टीत थायलंड नाही तर दुबई गाठून विमानातून उडी मारून येणारी मुलंही आता आहेत. त्यांतल्या बहुतेकांची हौस एका उडीत फिटते. काहींची फिटत नाही. ती परवाना काढतात आणि मग स्वतःची छत्री विकत घ्यायला निघतात. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या मंडळींशी आणि त्यांच्या घरच्यांशी.

आधी जुनी छत्री. 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेशात टांगाइलजवळ आपली 2 पॅरा बटालियन आकाशातून उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, 1952 पासून पॅराशूट रेजिमेंटमध्ये. त्या जवानांच्या डोक्यावर गोल छत्र्या होत्या. गोल छत्री हवा अडवते आणि खाली येते; वारा नेईल तिकडे जाते. माणसं दूरदूर पांगली, मग एकमेकांना शोधत गोळा झाली आणि कामाला लागली. उतरताना पाय जुळवायचे, गुडघे थोडे वाकवायचे, जमिनीला टेकताच अंग एका कुशीवर लोटून द्यायचं, एवढंच जवानाच्या हाती. छत्री कोणती घ्यायची, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. सरकार देईल ती.

1964 मध्ये डोमिना जालबर्ट या अमेरिकी माणसानं कप्पे असलेली चौकोनी छत्री तयार केली. पुढून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. ही छत्री नुसती खाली येत नाही, पुढे उडते. वळते, वेग घेते. जमिनीजवळ दोन्ही टॉगल खाली ओढले की वेग मोडतो आणि माणूस जिना उतरल्यासारखा पाय टेकतो. याला फ्लेअर म्हणतात. पण जो पंख उडतो, तो सूरही मारतो. एका बाजूचा टॉगल जोरात ओढला की छत्री तिरपी होऊन खाली झेपावते आणि त्या वळणात भराभर उंची खाते. दोन हजार फुटांवर ही मजा आहे. दोनशे फुटांवर सावरायला जागा उरत नाही.

आता आकडे. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदींप्रमाणे 1970 च्या दशकात तिथं वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं या खेळात जिवानिशी जात. 2023 साली सुमारे 36 लाख उड्या झाल्या आणि 10 जण गेले. हा फरक मुख्यतः साधनांनी आणि शिकवण्याच्या पद्धतीनं घडवला. राखीव छत्री सुधारली. 1991 मध्ये जर्मनीहून सायप्रेस नावाचं छोटं यंत्र आलं. माणूस ठरावीक उंचीखाली अजून दगडासारखा पडतोय असं दिसलं की ते स्वतःच राखीव छत्री उघडतं. बेशुद्ध झालेला, गोंधळलेला, उंचीचं भान सुटलेला असे कित्येक जण त्यामुळे घरी परतले.

साधनांनी जेवढं वाचवलं, त्यातलं थोडं माणसानं परत गमावलं. छत्र्या लहान होत गेल्या, वेग वाढत गेला. जमिनीलगत मुद्दाम वळण घेऊन, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊन गवतावरून सरपटत उतरायचं, असा स्वूपिंग नावाचा प्रकार आला. त्याच्या स्पर्धा होतात आणि डोळ्यांचं पारणं फिटावं असंच ते दिसतं. पण त्या वळणातला वेग इतका, की सायप्रेसला माणूस पडतोय असं वाटू शकतं. म्हणून स्वूपिंगवाल्यांसाठी त्या यंत्राची वेगळी आवृत्ती काढावी लागली. छत्री धडधाकट उघडलेली असताना जीव वाचवणारं यंत्र फसावं, इतका वेग! यापलीकडे काय सांगायचं?

कोणती छत्री कोणाला, याचा हिशेब सोपा आहे. उडी मारताना तुमचं सगळं वजन, म्हणजे अंग, कपडे आणि पाठीवरची रिग (पट्टे आणि दोन्ही छत्र्यांचा संच), पाउंडात घ्या. त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागा. येतं ते विंग लोडिंग. सत्तर किलोचा माणूस आणि बारा किलोचा सरंजाम धरला तर झाले साधारण 180 पाउंड. 190 फुटी छत्रीवर लोडिंग एकच्या थोडं खाली: नवशिक्याला ठीक. तोच माणूस 135 फुटी छत्रीखाली गेला की आकडा 1.3 च्या पुढे. 97 वर जवळपास 1.9. आकडा वाढेल तसा पुढे जाण्याचा वेग वाढतो, खाली येण्याचा वाढतो, आणि हातून झालेल्या चुकीची किंमतही वाढते. नवख्यानं एकच्या आत राहावं, हा बहुतेक प्रशिक्षकांचा ढोबळ नियम. ब्रायन जर्मेन या अमेरिकी प्रशिक्षकाचा तक्ता तर शंभर उड्यांमागे फार तर 0.1 नं वर सरकू देतो.

या हिशेबातली एक खोच आपल्याकडच्या सडपातळ मुलामुलींसाठी महत्त्वाची आहे. लोडिंग तेच असलं तरी लहान छत्री मोठीपेक्षा चपळ असते, कारण तिच्या दोऱ्या आखूड असतात आणि वळण चटकन बसतं. पन्नास किलोची मुलगी 1.1 च्या लोडिंगवर आहे म्हणजे नव्वद किलोच्या पुरुषाइतकीच निर्धास्त आहे, असं समजू नये. नेदरलँड्समध्ये म्हणूनच लोडिंगच्या जोडीला छत्रीच्या किमान क्षेत्रफळाचीही मर्यादा आहे. तिथं उड्यांच्या संख्येनुसार वर्ग ठरलेले आहेत आणि ते बंधनकारक आहेत. एकूण उड्यांबरोबर गेल्या बारा महिन्यांत किती मारल्या, हेही विचारतात. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पाच वर्षांपूर्वी मारलेल्या दोनशे उड्या कागदावर राहतात, हातात राहत नाहीत.

अमेरिकेत अशी सक्ती नाही. शिफारशी आहेत आणि बाकी ज्याच्या-त्याच्या समजुतीवर. ‘ज्याचा जीव त्याची मर्जी’ हा युक्तिवाद ऐकायला मर्दानी वाटतो. पण आपल्याला किती येतं याचा अंदाज सर्वांत कच्चा असतो तो शंभर-दोनशे उड्या झालेल्यालाच. पहिल्या वीस उड्यांत माणूस घाबरलेला असतो, सांगितलेलं ऐकतो. हजार उड्यांनंतर त्यानं दोनचार मित्रांना हाडं मोडून घेताना पाहिलेलं असतं. मधल्या टप्प्यात भीती गेलेली असते आणि अक्कल यायची असते. तिथं नियम नको तर कुठं हवा?

त्यातच पैशांचं गणित शिरतं. नवी रिग लाखांत जाते, जुनीही स्वस्त नसते. मग पोरगं विचार करतं: आता 190 घ्यायची, वर्षानं 150, पुन्हा 135, त्यापेक्षा एकदम 135 घेऊन टाकू, हळूहळू जमेल. आपल्या घरी लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची रीत आहे, तसाच हा व्यवहार. सदरा ढगळ झाला तर शाळेत दोन पोरं हसतील. झेपेल त्याच्या आधी घेतलेली छत्री पहिल्याच फसलेल्या उतरणीला घोटा, नडगी नाही तर मणका मागते. शिवाय आपल्याकडचा उडीबाज बहुधा वर्षातून एकदा परदेशी जाऊन दहा-वीस उड्या मारून येणारा. तिथल्या मित्रांच्या हातात जी छत्री दिसते ती त्याला हवीशी वाटते, पण ते मित्र दर शनिवार-रविवारी उडत असतात.

हवेचा हिशेब निराळाच. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2100 फुटांवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की इथली हवा इतकी पातळ होते, की छत्रीला ती साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी वाटते. समुद्रकाठच्या गार सकाळच्या तुलनेत तीच छत्री, तोच माणूस, तरी वेग आठ-नऊ टक्क्यांनी जास्त. धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे सतरा ते एकोणीस टक्के. पट्टायाच्या किनाऱ्याजवळ शिकलेला माणूस पठारावरच्या उन्हात उतरला, तर त्याच्या हातांना ठाऊक असलेली फ्लेअरची वेळ चुकते.

आता याचं टोकाचं उदाहरण पाहा. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून हेलिकॉप्टरमधून उडी घेतली आणि सुमारे 17,400 फुटांवरच्या काळा पत्थर परिसरात त्या उतरल्या. त्या उंचीवर कोणतीही छत्री समुद्रसपाटीपेक्षा तीस टक्के वेगानं उडते, आणि खाली गवत नसतं, दगड असतात. शीतलताईंची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती मात्र दुसरीच. 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंशांत, सरावाची एकही उडी न मारता त्यांनी आयुष्यातली पहिली उडी घेतली. पुढे नऊवारी नेसून घेतलेल्या उडीचे फोटो घरोघरी पोचले. शाळांमधल्या भाषणांत हेच येतं, आणि त्या धाडसाला माझाही मुजरा. पण मुलांना सांगायचं असेल तर मी ध्रुव आणि एव्हरेस्ट यांच्यामधली एकोणीस वर्षं सांगेन. डिसेंबर 2006 मध्ये दक्षिण ध्रुव, मग परवाने, देशोदेशीची उड्यांची मैदानं, शेकडो उड्या, आणि त्यानंतर काळा पत्थर. पहिल्या उडीची नक्कल कुणी करू नये. या एकोणीस वर्षांची जरूर करावी.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी गोष्टही मांडतो. 2025 मध्ये फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये आग्र्याला वायुसेनेचे दोन अनुभवी पॅराशूट प्रशिक्षक उडीत गेले. पॅराशूट वेळेत उघडलं नाही, असंच बातम्यांत आलं. म्हणजे जुना धोका संपलेला नाही आणि अनुभव हे कवच नाही. मान्य. पण छत्री न उघडण्याच्या धोक्यावर घडी घालणारा, तपासणारा, यंत्र बनवणारा असे दहा लोक काम करत असतात. किती लहान छत्री घ्यायची, हे मात्र एकटा माणूस दुकानात उभा राहून ठरवतो.

एक आगाऊ विनंती. आज ना उद्या कुणीतरी ‘लोणारवर स्कायडायव्हिंग’ अशी पर्यटनाची कल्पना घेऊन येईल. फोटो झकास येतील, यात शंकाच नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं ते विवर, भोवती उभी कड. कडेवरून वारा आत उतरताना त्याचे भोवरे होतात आणि असा भोवरा उतरत्या छत्रीचे कप्पे मिटवू शकतो. चुकलेल्याला उतरायला पर्यायी मोकळी जागा हवी. तिथं आहे तो खारट तलाव आणि झाडी. शिवाय ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळ आहे. नको.

ज्यांना एकदाच उडायचं आहे, त्यांनी टँडेमच घ्यावी. प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधलेले असता, छत्री साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपासची असते, वळणं तो घेतो. पैसे भरण्याआधी एवढं विचारा: प्रशिक्षकाचं टँडेमचं प्रमाणपत्र आहे का, राखीव छत्रीची घडी शेवटची कधी घातली, स्वयंचलित यंत्र बसवलंय का. उत्तर द्यायला कुणी कचरलं, तर दुसरं केंद्र गाठा. आणि कामशेत-पाचगणीला डोंगरावरून करतात ते पॅराग्लायडिंग. ते साधन निराळं, शिक्षण निराळं. एक येतं म्हणून दुसरं येत नाही.

ज्यांना हा खेळ पुढे न्यायचा आहे, त्यांनी पहिली छत्री एक लोडिंगच्या आतली घ्यावी आणि तिच्यावर कंटाळा येईपर्यंत उडावं. लहान छत्री घेण्याआधी हातातल्या छत्रीवर आडव्या वाऱ्यात, उताराच्या जागी, अर्ध्या ब्रेकवर (टॉगल अर्धेच ओढून), अनोळखी मैदानात उतरून दाखवावं. तेही आपल्याला छत्री विकणाऱ्याला नव्हे, दुसऱ्या प्रशिक्षकाला. आणि घरच्यांनो, पोरगं फोनवर सांगेल की आता मी छोटी कॅनोपी, म्हणजे छत्री, घेतली, तेव्हा शाबासकी देण्याआधी दोन आकडे विचारा: एकूण उड्या किती, आणि या वर्षातल्या किती.